हक्कसोडपत्र करायचंय? आधी मसुदा वाचा

एक एकर रान विकायचं तर माणूस चार वकिलांचे उंबरे झिजवतो. तोच माणूस बहिणीला घेऊन येतो, दीड एकरावरचा तिचा हक्क कायमचा सुटणार असतो, आणि मला म्हणतो, "वकीलबाई, ते नेहमीचं हक्कसोड छापून द्या, दुपारच्या एसटीनं तिला परत जायचंय." मी सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी दिवाणी वकिली करते, बसते दुय्यम निबंधक कार्यालयासमोरच्या गल्लीत, त्यामुळे हे वाक्य मला पाठ झालंय. माझं उत्तरही ठरलेलं असतं. नेहमीचं असं हक्कसोड माझ्याकडे नाही. बसा, सातबारा काढा, आणि कोण काय कुणाला सोडतंय ते आधी बहिणीच्या तोंडून ऐकू द्या.

भाऊबीज झाली की पुढचे पंधरा दिवस माझ्याकडे हीच गर्दी असते. बहिणी माहेरी आलेल्या असतात, मुंबई-पुण्याची भावंडं गावात असतात, कुणीतरी विषय काढतं. त्या सगळ्यांना तोंडी जे सांगते तेच इथे लिहिते आहे. सोडणाऱ्यानं वाचावं तसं घेणाऱ्यानंही वाचावं, कारण कच्चा दस्त पुढे भावालाच कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावतो.

कोण सोडू शकतं, कुणाला सोडू शकतं

सामाईक मिळकतीतला एक हिस्सेदार आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराच्या लाभात सोडून देतो, तो दस्त म्हणजे हक्कसोडपत्र. सोडणाऱ्याचा त्या मिळकतीत आज हक्क असला पाहिजे आणि घेणाराही त्याच मिळकतीत आधीपासून हिस्सेदार असला पाहिजे. भाऊ हयात असताना त्याच्या बायकोच्या नावे बहिणीचं हक्कसोड होत नाही. भावजय तिथे हिस्सेदारच नाही. तिला द्यायचंच असेल तर बक्षीसपत्र किंवा खरेदीखत, आणि त्याचा मुद्रांक वेगळा. भाऊ वारलेला असेल आणि भावजय वारस म्हणून सातबाऱ्यावर चढलेली असेल, तर मात्र तिच्या लाभात खुशाल करा.

घोळ जास्त होतो तो सोडणाऱ्याच्या हक्कात. वडील हयात आहेत, जमीन त्यांनी स्वतःच्या कमाईनं घेतलेली आहे, आणि तरी मुलीकडून आत्ताच हक्कसोड करून घ्यायची घाई. अशा जमिनीत वडील असेपर्यंत मुलीला हक्कच नाही, फक्त उद्या मिळेल ही आशा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ६ सांगतं की वारस होण्याची नुसती आशा हस्तांतरित करता येत नाही. अशा कागदावर मुद्रांकाचे पैसे घालू नका. वडिलांना जमीन मुलालाच द्यायची असेल तर त्यांनी मृत्युपत्र करावं, बक्षीसपत्र करावं. तो त्यांचा अधिकार आहे. मुलीची सही त्यासाठी लागत नाही.

वडिलोपार्जित, म्हणजे एकत्र कुटुंबाची सहदायिकी मिळकत असेल तर गोष्ट निराळी. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं मुलगी जन्मतःच मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात होते की नव्हते यावर बरीच वर्षं वाद चालला. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी तो मिटवला. वडील हयात असण्याची अट नाही. एक मात्र लक्षात ठेवा: २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली नोंदणीकृत वाटणी किंवा खरेदी या दुरुस्तीनं उखडली जात नाही. "आमच्या आत्याचा पण हिस्सा निघेल का?" असं विचारत येणाऱ्यांना मी आधी जुने फेरफार आणायला सांगते.

घेणाऱ्या भावासाठी एक गोष्ट. हक्कसोडपत्रानं बहिणीकडे जेवढं होतं तेवढंच तुमच्याकडे येतं. जमीन निर्वेध आहे याची हमी ती देत नसते. विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात असेल तर तो तसाच राहतो. आणि कर्जाच्या कागदावर बहिणीची सही असेल, तर हक्क सोडला म्हणून तिची परतफेडीची जबाबदारी सुटत नाही. बँक तिलाही नोटीस काढू शकते. कर्ज फेडून बोजा कमी करा, नाहीतर बँकेकडून तिचं नाव कर्जदारांतून काढून घ्या, मग सहीला बसा.

हिस्सा किती, ते आधी मांडा

बहिणीला विचारलं, तुमचा हिस्सा किती, तर निम्म्या वेळा उत्तर येतं, "असेल काहीतरी." म्हणून मी पाटी-पेन्सिल घेतल्यासारखं मांडून दाखवते. वडील वारले. मागे आई, दोन भाऊ, एक बहीण. जमीन २ हेक्टर ४० आर, म्हणजे २४० आर. मृत्युपत्र नाही. हिंदू कुटुंब आहे. चौघांचा प्रत्येकी चौथा हिस्सा, म्हणजे ६० आर, ढोबळमानानं दीड एकर. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असो वा वडिलोपार्जित, या कुटुंबात गणित चौथ्या हिश्श्यावरच येतं.

आता बहीण आपले ६० आर सोडते. कुणाला? दोन्ही भावांना समान सोडले तर भाऊ प्रत्येकी ९० आरचे आणि आई ६० आरची मालक. एकट्या धाकट्याला सोडले तर धाकटा १२० आर, थोरला ६०, आई ६०. कुणाचंच नाव न लिहिता नुसतं "माझा हक्क सोडला आहे" असं लिहिलं तर तो उरलेल्या तिघांत वाटला गेला असं धरलं जातं, म्हणजे प्रत्येकी ८० आर. एकच सही, पण दस्तातल्या एका ओळीवर तीन निकाल. धाकट्यानं म्हातारपणी आईला सांभाळलं म्हणून बहिणीनं मनाशी त्याला द्यायचं ठरवलेलं असतं, आणि मसुद्यात "लिहून घेणार" म्हणून थोरल्यानं दोघांची नावं घातलेली असतात. त्यात लबाडी असेलच असं नाही. पण वाचलेलं कुणीच नसतं.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून भाऊ जरा नाराज होतात. आईचे ६० आर अजून शिल्लक आहेत. आई मृत्युपत्र न करता गेली तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तिचा हिस्सा मुलगे आणि मुलगी यांच्यात सारखा जातो. म्हणजे हक्कसोड केलेली बहीण २० आरसाठी पुन्हा सातबाऱ्यावर येते. ही फसवणूक नव्हे, नवा हक्क आहे. "भविष्यात आईकडून मिळणाऱ्या हक्कासह सोडला" असं लिहून हे टाळता येईल असं काही जण समजतात. आई हयात असताना ती नुसती आशाच असते, वर सांगितलेलं मालमत्ता हस्तांतरणाचं कलम ६ इथेही लागू. पण बहिणीनं त्या आशेपोटी रोकडा मोबदला घेतला असेल तर पुढे कोर्टात तिला उलटं बोलणं जड जाऊ शकतं. मला विचाराल तर ते वाक्य दोन्ही बाजूंनी नकोच. आईला जे करायचं ते आईनं मृत्युपत्रात करावं.

कागदपत्रं जमवताना

वारस नोंद झाल्याशिवाय हक्कसोडाला हात घालू नका. वडिलांचं नाव अजून सातबाऱ्यावर आहे आणि मुलं हक्कसोड करायला निघालीत, हे दर आठवड्याला दिसतं. मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र वंशावळीसह, आणि तलाठ्याकडे अर्ज. ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही होतो. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात, मीही तेच म्हणते.) वारसांत बहिणीचं नाव लावून घ्या. "नंतर कमीच करायचंय तर लावायचं कशाला?" हा प्रश्न हमखास येतो. जे नोंदलंच नाही ते सोडणार कसं? शिवाय वारस नोंदीत बहीण लपवली, तर भावांनी केलेलं पुढचं प्रत्येक खरेदीखत, प्रत्येक कर्ज डळमळीत पायावर उभं राहतं.

तलाठ्यापुढे "मला हिस्सा नको" असा जबाब देऊन नाव कमी करण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. नोटरीपुढे स्टॅम्पपेपरवर सही करण्याची अजूनही आहे. दोन्हींनी हक्क सुटत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडणारा दस्त नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ खाली नोंदवावाच लागतो. नोंदवला नाही तर कलम ४९ मुळे हक्क सुटल्याचा पुरावा म्हणून तो चालत नाही. नोटरीचा लाल शिक्का कितीही रुबाबदार दिसला तरी.

सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) डिजिटल स्वाक्षरीचे काढा, महाभूमीच्या संकेतस्थळावर सातबारा १५ रुपयांत मिळतो. तो हातात आला की भोगवटादार वर्ग कोणता ते बघा. वर्ग २, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी बंधनं असलेली जमीन, असेल तर आधी तहसील कार्यालयात परवानगीची चौकशी. इतर हक्कात बोजा, कूळ, कोर्टाचा मनाई हुकूम काही आहे का ते बघा. गावठाणातलं घर असेल तर प्रॉपर्टी कार्ड किंवा ग्रामपंचायतीचा मिळकत उतारा.

आणि नाव. सातबाऱ्यावर बहिणीचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच, कारण मधलं नाव वडिलांचं राहिलंय. या एका कारणानं दुय्यम निबंधकांकडून लोक परत येताना मी सगळ्यात जास्त पाहिलेत. दस्तात दोन्ही नावं लिहा, मधे "लग्नापूर्वीचे नाव" असं स्पष्ट शब्दांत, आणि विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत सोबत ठेवा. बहिणीला दोन दिवस आधी फोन करून आधारचा फोटो मागवला तर एसटीचं भाडं वाचतं.

मसुद्यातली ती ओळ

आता खरा मुद्दा. जुन्या नमुन्यांत मिळकतीचं वर्णन संपलं की एक शेपूट असतं: "तसेच वडिलोपार्जित इतर सर्व स्थावर व जंगम मिळकतीतील माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध कायमचा सोडून दिला आहे." टाइप करणारा ते काढत नाही, कारण मागच्या दस्तात ते होतं आणि त्याच्या मागच्यातही होतं. बहीण एका गटातलं रान सोडायला आलेली असते. सही केल्यावर गावातलं घर, रस्त्याकडेचे तीन गुंठे, वडिलांच्या ठेवी, सगळ्यावर भाऊ बोट ठेवू शकतो. निदान वाद तरी घालू शकतो, आणि दिवाणी वाद म्हणजे काय ते आमच्या गल्लीतल्या कुणालाही विचारा.

ती ओळ मी लाल पेनानं खोडते. भाऊ म्हणाला, "असू दे की वकीलबाई, आमच्यात तसलं काही नाही," तरी खोडते. तसलं काही नसेल तर ओळीचीही गरज नाही. बहिणीला खरोखरच सगळं सोडायचं असेल तर सगळ्या मिळकतींची यादी लिहू, गट नंबरसकट. यादी वाचताना बरेचदा ती म्हणते, "हे घर पण होय? ते नको मग." यासाठीच यादी.

वर्णन करताना गट नंबर, एकूण क्षेत्र, पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग), आकार (शेतसारा), त्यातला सोडलेला हिस्सा, चतुःसीमा. विहिरीतला हिस्सा, बोअर, पाण्याची पाळी, बांधावरची झाडं यांचा उल्लेख राहिला तर पाच वर्षांनी भांडण त्यावरूनच होतं. रान भावाचं, पण विहिरीतला चौथा हिस्सा बहिणीचाच राहिलाय, आणि तिची मुलं आता मोठी झालीत.

मोबदला. काही घरांत "साडीचोळी" म्हणून पाच-दहा हजार देतात आणि दस्तात "विनामोबदला" लिहितात. काही घरांत पाच लाख देतात आणि तरी "विनामोबदला" लिहितात. साडीचोळी भाऊबिजेची म्हणून सोडून देऊ, पण पैसे देऊन हक्क घेत असाल तर ते लिहा: किती, कुठल्या बँकेचा धनादेश किंवा खात्यावर जमा, तारीख. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोखीनं घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे. मोबदला घेतलेल्या बहिणीला जमीन कुठे आहे त्यानुसार भांडवली नफ्याचा कर लागू शकतो, म्हणून सीएला एकदा विचारून घ्या. विनामोबदला भावाला सोडलं तर घेणाऱ्याला त्यावर आयकर नाही, भाऊ-बहीण हे नातेवाईक म्हणून सुटतात.

पैसे येण्याआधी कबुली देऊ नका. "निम्मे आज, निम्मे सोयाबीन विकल्यावर" असं ठरतं. दस्त नोंदवला की हक्क गेला. राहिलेल्या रकमेसाठी वेगळा दावा करावा लागतो, आणि त्यासाठी ती रक्कम दस्तात लिहिलेली असावी लागते.

तशीच तोंडी आश्वासनं. दरवर्षी ज्वारीचं पोतं, दिवाळीला चार दिवस माहेरपण, आईला कुणी सांभाळायचं. ही आश्वासनं दस्तात लिहून कोर्टाकडून अमलात आणणं अवघड असतं. माझा सल्ला साधा आहे. मनात थोडी जरी धाकधूक असेल तर सगळं सोडू नका. शेतातलं सोडा, घरातला हिस्सा ठेवा. स्वतःच्या हक्काची एक खोली सातबाऱ्यावरच्या पाच गुंठ्यांपेक्षा कधीकधी जास्त उपयोगी पडते, विशेषतः ज्या बाईला सासरी आधार नाही तिला. आणि मुळात सोडायचंच नसेल तर वाटणीपत्र करा, किंवा जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज द्या. बहिणीनं हिस्सा मागितला म्हणजे माहेर तुटलं, असं जे घराघरात सांगितलं जातं, ते माझ्या गल्लीतून बघताना तितकंसं खरं वाटत नाही. न वाचता दिलेल्या सहीवरून तुटलेली माहेरं मी जास्त पाहिली आहेत.

मुद्रांक

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूची १ मधला अनुच्छेद ५२. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, आई, वडील, पती किंवा पत्नी, आधी वारलेल्या मुलाची मुलं, किंवा या सगळ्यांचे वारस यांच्या लाभात सोडला तर ठरावीक मुद्रांक: पूर्वी २०० रुपये होता, ऑक्टोबर २०२४ पासून ५००. भाऊ-बहीण म्हणजे एकाच आईवडिलांची लेकरं, असं कायद्यातच लिहिलंय. चुलतभाऊ त्या यादीत येत नाही. या चौकटीत न बसणारं हक्कसोड, उदाहरणार्थ दोन भावांनी मिळून स्वतः विकत घेतलेल्या प्लॉटमधला हिस्सा, खरेदीखतासारखं धरलं जातं आणि सोडलेल्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर मुद्रांक पडतो. फरक पाचशे आणि काही लाख असा असू शकतो.

मिळकत कुठल्या कप्प्यात बसते याबद्दल शंका असेल तर अंदाजानं पुढे जाऊ नका. मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी पाठवता येतो. ते मुद्रांक किती ते लेखी ठरवून देतात. थोडे दिवस जातात, पण नंतर वसुलीची नोटीस येत नाही. मुद्रांक आणि नोंदणी फी ग्रास या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीतून ई-चलनानं भरा, पानामागे दस्त हाताळणी शुल्क वेगळं. मुद्रांक सहीच्या आधी भरलेला असावा.

नोंदणीचा दिवस

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आधी डेटा एंट्री करून घ्यायची, मग कार्यालयात टोकन. कुठल्या दुय्यम निबंधक कार्यालयात जायचं ते आधी विचारून घ्या. लिहून देणारी, लिहून घेणारा, दोन साक्षीदार, सगळ्यांची मूळ ओळखपत्रं आणि पॅन. फोटो निघतो, अंगठा घेतात, आणि साहेब विचारतात, दस्त लिहून दिला ते मान्य आहे का. हा प्रश्न औपचारिक नाही. "नाही" म्हणण्याची ती शेवटची जागा आहे, आणि तिथे नाही म्हणणं गुन्हा नाही. आदल्या दिवशी मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवलेला असला तरी मी त्या सकाळी बहिणीला एकटीला बसवून तो मोठ्यानं वाचून दाखवते. भावांना तेवढ्यात चहाला पाठवते.

सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदणीला दाखल व्हावा लागतो. चार बहिणींना एकाच दिवशी येणं जमत नसेल तर वेगवेगळ्या तारखांना सह्या चालतात, प्रत्येकीचे चार महिने तिच्या सहीपासून मोजले जातात. आई अंथरुणाला खिळलेली असेल तर गृहभेटीचा अर्ज करा, शुल्क भरून अधिकारी घरी येतात. तिला रिक्षात घालून जिन्यावरून उचलून न्यायची गरज नाही.

भाऊ परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीपुढे कुलमुखत्यारपत्र करावं. ते भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांत इथला मुद्रांक लावून घ्यायचा. मुखत्यारपत्रात गट नंबर आणि "हक्कसोडपत्र करून देणे" हे शब्द पाहिजेत, नुसता सर्वसाधारण अधिकार पुरत नाही. आणि ज्याच्या लाभात हक्क सुटणार त्यालाच मुखत्यार करू नका. देणाराही तोच आणि घेणाराही तोच, असा दस्त पुढे कुणी ना कुणी उकरून काढतंच.

वारलेल्या भावाची मुलं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, असतील तर त्यांची आई त्यांच्या वतीनं हिस्सा सोडू शकत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे कोर्टाची आगाऊ परवानगी लागते, आणि मुलांचं भलं कशात आहे ते दाखवल्याशिवाय ती मिळत नाही. विनामोबदला सोडण्यात मुलाचं भलं दाखवणं जवळजवळ अशक्य. मूल सज्ञान होईपर्यंत थांबा.

शहरातल्यांसाठी थोडक्यात. फ्लॅटवर नॉमिनी म्हणून भावाचं नाव आहे म्हणून फ्लॅट त्याचा होत नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-१३ प्रमाणे नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद. बाकीच्या वारसांनी नोंदणीकृत हक्कसोड करून दिलं की त्याची प्रत, मृत्यू दाखला आणि अर्ज सोसायटीकडे द्यायचा, आणि भाग दाखल्यावर नाव चढवून घ्यायचं.

दस्त हातात आल्यावर

मूळ दस्त स्कॅन होऊन शक्यतो त्याच दिवशी परत मिळतो, सोबत इंडेक्स २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) घ्या. मूळ भावाकडे राहील, पण बहिणीनंही एक प्रत घरी न्यायची. माझ्या टेबलावरून प्रत घेतल्याशिवाय मी तिला उठू देत नाही.

नोंदणीची वर्दी आता ऑनलाइन तलाठ्याकडे जाते, तरी स्वतः जाऊन फेरफार क्रमांक विचारा. नमुना ९ ची नोटीस सगळ्या हितसंबंधितांना निघते, हरकतीसाठी १५ दिवस. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जाऊन सुनावणी लागते. निर्णय विरुद्ध गेला तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील. नोंद झाल्यावर नवा सातबारा काढून दस्ताशी ओळ न ओळ ताडून बघा. क्षेत्र, हिस्सा, आणि बहिणीचं नाव फक्त त्याच गटातून कमी झालंय ना. खातं एक असलं की शेजारच्या गटातूनही नाव उडवल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत, आणि पुढच्या वर्षी दुरुस्तीला गेलं की कुणालाच काही आठवत नाही.

नोंदलेलं हक्कसोड एकतर्फी रद्द होत नाही. बहिणीनं नोटरीपुढे "रद्द केले" असं लिहिलं किंवा तलाठ्याला अर्ज दिला तरी उपयोग नाही. भाऊ राजी असेल तर त्यानं तिच्या नावे नवा दस्त करून द्यावा, त्याचा मुद्रांक त्या दस्ताच्या प्रकाराप्रमाणे. राजी नसेल तर दिवाणी न्यायालय: फसवणूक, दबाव, दस्त वाचून न दाखवणं यापैकी काही सिद्ध करावं लागतं, आणि ते कळल्यापासून ३ वर्षांत दावा दाखल करावा लागतो. "मला वाटलं ते पीककर्जाचे कागद आहेत" असं सांगत येणाऱ्या बायकांना मी पहिला प्रश्न हाच विचारते, कळलं कधी? तारीख आठवत नसेल तर जुन्या सातबाऱ्याची नक्कल कधी काढली ते शोधा, फोनमधले मेसेज बघा, आणि तेवढं घेऊन लवकर या.